दोन अक्षरांची अडचण

मंडळी, गोष्ट चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची आहे. अब्बा गेल्यानंतर अम्मीच्या नावाने एक अर्ज भरायचा होता. अर्ज कागदावर घेत नाहीत, संगणकावरच भरा, असे खिडकीतल्या साहेबांनी सांगितले. म्हणून आम्ही दोघे एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत गेलो. अम्मी बाकावर बसली, मी कॅफेतल्या पोराशेजारी उभा राहिलो.

अम्मीचे नाव एका शब्दाचे. त्यापुढे 'बी'. काही घरांत बायकांच्या नावापुढे 'बाई' लावतात, तशी आमच्याकडे 'बी' लावायची रीत आहे. ते आडनाव नव्हे, आदराचा शब्द आहे. अब्बांना शेख लागायचे, तेही नावाच्या आधी. अम्मीच्या रेशनकार्डावर, मतदार यादीत, पासबुकावर मात्र तिचे नाव आणि पुढे बी, एवढेच होते. अर्जात रकाने तीन: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. तिसऱ्या रकान्याला तारा काढलेला, म्हणजे तो रिकामा ठेवता येत नाही. पोराने तिथे इंग्रजीत दोन अक्षरे टाकली, 'बी'. सगळा अर्ज भरून झाल्यावर शेवटचे बटण दाबले. पान बराच वेळ फिरत राहिले आणि लाल अक्षरे घेऊन परत आले: आडनाव किमान तीन अक्षरांचे असावे. बाकीचे भरलेले रकानेही त्या फेरीत पुसले गेले होते.

पोरगा हुशार होता. म्हणाला, "काका, बीपुढे अजून एक बी टाकू का?" त्याने 'बीबी' केले. या वेळी लाल अक्षरे आली नाहीत. अर्ज स्वीकारला, क्रमांक मिळाला.

खरे नाव नाकारले गेले होते आणि खोटे नाव स्वीकारले गेले होते. पुढे त्या 'बीबी'चा आणि पासबुकातल्या 'बी'चा मेळ घालता घालता दोन वर्षे गेली. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, असे प्रतिज्ञापत्र तीन वेळा करावे लागले. प्रत्येक वेळी अम्मी स्टँपपेपरवर सही करायची आणि विचारायची, "मी कोण आहे हे मलाच का लिहून द्यावे लागते?"

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला मी तावातावाने विचारले की आपल्याला अडवणारा तो कोण? तो शांतपणे म्हणाला, "मामू, तुम्हाला सर्व्हरने अडवले. आणि त्याने अडवायलाच हवे. फक्त त्याला नियम चुकीचा शिकवला होता." या एका वाक्याने मला पुष्कळ वाचायला लावले. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. पण माणसाने लिहिलेल्या गोष्टीवर यंत्राने विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न वेबपेक्षा कितीतरी जुना आहे, हे मला त्या वाचनात कळले. आज त्याचीच थोडी हकीकत सांगतो.

गणकयंत्राची कल्पना करणारे चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत ते सांगतात की, यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का, असा प्रश्न पार्लमेंटच्या सभासदांनी त्यांना दोनदा विचारला होता. बॅबेजना त्या प्रश्नाचे आश्चर्य वाटले. इतका गोंधळ कोणाच्या डोक्यात कसा होऊ शकतो, हेच त्यांना उमजेना. पण मला त्या सभासदांची कीव येत नाही. यंत्र आपल्या चुका ओळखेल, ही माणसाची जुनी आशा आहे. त्यानंतर दीड शतकात ती आशा थोडीथोडी खरी करण्याचे प्रयत्न झाले.

पहिला प्रयत्न होता दुसऱ्या माणसाचा. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेली कार्डे मोजली. पुढे विमा कंपन्या, बँका, रेल्वे सगळीकडे ही कार्डे आली. कागदावरची माहिती कार्डावर उतरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करत. एकीने कार्डाला भोके पाडली की ते कार्ड आणि मूळ कागद दुसरीकडे जाई. तिच्यासमोरचे यंत्र दिसायला तसेच, पण ते भोके पाडत नसे. ती तीच माहिती पुन्हा टाइप करी आणि यंत्र ताडून बघे. फरक पडला की कळफलक अडे आणि दिवा लागे. तिने पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही जमले नाही तर कार्डाच्या वरच्या कडेला, चुकलेल्या स्तंभावर एक खाच पडे. कार्ड बिनचूक असेल तर उजव्या कडेला खाच पडे. म्हणजे एकीचे काम दुसरीने पाहिले, हे कार्डावरच नोंदलेले असे.

हे वाचताना मला आमचे उस्ताद आठवले. गझल लिहिली की लघु-गुरू मी घरी मोजत असे. तरी त्यांच्याकडे नेली की ते पुन्हा बोटांवर मोजत. माझ्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते.

पण दर कागदासाठी दोन माणसे बसवणे महाग पडते. मग प्रश्न आला की आकड्यालाच स्वतःची चूक सांगता येईल का? याचे सुरेख उत्तर हान्स पीटर लून यांनी दिले. हा जर्मनीत जन्मलेला माणूस आधी कापडाच्या धंद्यात होता. कापडातले धागे मोजायची एक पट्टीही त्याच्या नावाने निघाली होती. पुढे तो आयबीएममध्ये गेला. १९५४ साली त्याने एका छोट्या हातयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६० साली ते मिळाले. कल्पना अशी की क्रमांकाच्या शेवटी एक जादा आकडा जोडायचा आणि तो आधीच्या आकड्यांवरून ठरवायचा.

एक उदाहरण घेऊ. कागद-पेन्सिल असेल तर करून पाहा. क्रमांक समजा ४७५. उजवीकडून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा. ५ चे झाले १०, त्यातले १ आणि ० मिळवून १. मग ७ तसाच. मग ४ चे ८. बेरीज १, ७ आणि ८ मिळून १६. पुढच्या दहाच्या पटीला म्हणजे २० ला ४ कमी, म्हणून शेवटचा आकडा ४. पूर्ण क्रमांक झाला ४७५४. आता कोणी घाईत ७४५४ लिहिले, तर बेरीज १४ होते. तिला दहाने भाग जात नाही. यंत्र लगेच म्हणेल, कुठेतरी चुकले आहे. आपल्या खिशातल्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक आजही याच पद्धतीने बांधलेले असतात.

लूनच्या पद्धतीत एक फट होती. शेजारी शेजारी असलेले ० आणि ९ उलटे झाले तर ते तिला कळत नाही. ही फट बुजवली ती हॉलंडच्या याकोबस व्हर्हूफ यांनी, १९६९ साली. माणसे आकडे लिहिताना कशा कशा चुका करतात, याचा डच टपाल खात्याच्या नोंदींवरून त्यांनी अभ्यास केला होता. त्यांच्या पद्धतीत एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे झाले, तर ते हटकून पकडले जाते. हे गृहस्थ शिल्पकारही होते, याचे मला विशेष वाटले. या डच गणिताचा आपल्याशी अगदी जवळचा संबंध आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारचे आकडे बारा. त्यांतला शेवटचा आकडा व्हर्हूफच्या पद्धतीने काढलेला असतो. टेंभलीच्या आदिवासी बायाबापड्यांच्या हातात जो कागद पडला, त्यावर हॉलंडच्या टपालातल्या चुकांचा अभ्यास असा येऊन बसला होता.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शेवटचा आकडा जुळला म्हणजे क्रमांक सुबक आहे, एवढेच कळते. तो क्रमांक कोणाला दिला आहे का, आणि समोरचा माणूस तोच आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मूळ नोंदवही उघडावी लागते. ती वही ज्याच्याजवळ असते, तो सर्व्हर.

आता वेबकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. सुरुवातीला वेब फक्त वाचायचे होते. १९९३ च्या सुमारास त्यात भरायचे रकाने आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एनसीएसए या केंद्रात सर्व्हरने ते रकाने घेऊन एखाद्या प्रोग्रॅमकडे सोपवायची पद्धत ठरली. १९९५ च्या नोव्हेंबरात फॉर्म हा एचटीएमएलच्या प्रमाणित आवृत्तीत दाखल झाला. त्या काळी अर्ज तपासायची जागा एकच होती, पलीकडचा सर्व्हर. तुम्ही बटण दाबा, अर्ज तारेवरून जाईल, तिथे तपासला जाईल, चूक असेल तर परत येईल.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाचा मोडेमचा तो चिरका आवाज तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्या वेगात एक अर्ज जाऊन परत यायला किती वेळ लागे, हेही आठवत असेल. पिनकोडात एक आकडा कमी पडला, एवढे कळायला अख्खी फेरी. ही फेरी वाचवायची गरज सगळ्या जगाला वाटत होती. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका नव्या भाषेचा कच्चा आराखडा चालवून दाखवला. डिसेंबरात ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली. ब्राउझरमध्येच चालणारी ही भाषा सुरुवातीला ज्या कामांसाठी जास्त वापरली गेली, त्यांत अर्ज तपासणे हे मोठे काम होते. रकाना रिकामा राहिला की इथल्या इथे सूचना. फेरी वाचली, वेळ वाचला, सर्व्हरचा भारही कमी झाला.

इथेच एक मोठी गफलत झाली. अनेकांना वाटले की इकडे तपासले, आता तिकडे कशाला तपासायचे?

माझ्या भाच्याने मला हे असे समजावले: "मामू, परीक्षेचा पेपर विद्यार्थ्याने घरी स्वतःच तपासला, स्वतःच मार्क दिले, आणि शाळेने ते मार्क रजिस्टरात चढवले, तर चालेल का? ब्राउझर हा विद्यार्थ्याच्या घरचा आहे. त्यातली तपासणी विद्यार्थ्याच्या सोयीची आहे. ती बंद करता येते, बदलता येते, किंवा ब्राउझर न वापरताच सरळ सर्व्हरला हवा तो मजकूर पाठवता येतो. म्हणून मार्क शाळेनेच द्यायचे."

ही काल्पनिक भीती नव्हती. त्या काळातल्या काही ऑनलाइन दुकानांत वस्तूची किंमत पानामध्येच एका न दिसणाऱ्या रकान्यात ठेवलेली असे. तो रकाना डोळ्यांना दिसत नसला, तरी पानाचा मूळ मजकूर उघडला की सापडे. पान आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे, किंमत खोडून कमी करायची आणि अर्ज पाठवून द्यायचा. सर्व्हर आलेल्या किमतीवर विश्वास ठेवून बिल करी. २००० सालच्या सुरुवातीला अशा अनेक दुकान-प्रणालींतला हा दोष उघड झाला. उपाय अगदी साधा होता. ग्राहकाकडून फक्त वस्तूचा क्रमांक घ्यायचा आणि किंमत आपल्या वहीतून बघायची. कुठलाही किराणा दुकानदार हेच करतो. गिऱ्हाइकाने सांगितलेला भाव तो चिठ्ठीवर लिहीत नाही.

दुसरा धोका याहून खोल होता आणि तो एका चिन्हातून आला. इंग्रजीत ज्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, तो अक्षराच्या डोक्यावरचा छोटा स्वल्पविराम. सर्व्हर आपल्या माहितीच्या कोठाराशी ज्या एसक्यूएल भाषेत बोलतो, तिच्यात मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे याच चिन्हाने सांगतात. आता समजा, सर्व्हरने तुमच्या रकान्यातला मजकूर जसाच्या तसा उचलून आपल्या आज्ञेत चिकटवला. मजकुरात ते चिन्ह असेल, तर सर्व्हरला वाटते की नाव इथे संपले. त्यापुढे जे लिहिले आहे ते त्याला आज्ञा वाटते. म्हणजे नावाच्या रकान्यातून कोणीही त्याला हुकूम सोडू शकतो: सगळ्यांची यादी दे, अमुक पुसून टाक. जेफ फॉरिस्टल या सुरक्षातज्ज्ञाने टोपणनावाने हा प्रकार १९९८ च्या डिसेंबरात फ्रॅक या नियतकालिकात मांडला. पुढे त्याला एसक्यूएल इंजेक्शन हे नाव पडले. वेबसुरक्षेसाठी २००१ पासून काम करणारी ओवॅस्प ही संस्था दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. तिच्या २०१०, २०१३ आणि २०१७ या तिन्ही याद्यांत पहिला क्रमांक इंजेक्शनचा होता.

हे दुखणे किती चिवट आहे बघा. ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीवर २०१५ च्या ऑक्टोबरात असाच हल्ला झाला. दोष १९९८ पासून माहीत होता. कंपनीने २००९ साली विकत घेतलेल्या दुसऱ्या व्यवसायाची जुनी वेबपाने कोणी सांभाळत नव्हते. त्यांच्या रकान्यांतून चोर आत शिरला. सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती त्याच्या हाती लागली. त्यांतल्या १५,००० हून अधिक जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही गेले. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४,००,००० पौंडांचा दंड केला.

आता यावर इलाज काय? घाबरलेल्या मंडळींनी सोपा इलाज काढला. ते चिन्हच घेऊ नका, नावात फक्त इंग्रजी ए ते झेड चालतील, असा नियम त्यांनी सर्व्हरला शिकवला. या नियमाने आयर्लंडचे ओ'ब्रायन अडले आणि वसईचे व गोव्याचे डि'सोझा, डि'सिल्वाही अडले. वास्तविक खरा इलाज वेगळा आहे आणि तो जुनाच आहे. आज्ञा वेगळी पाठवायची आणि माणसाने दिलेला मजकूर वेगळा पाठवायचा. मग मजकुरात काहीही असो, सर्व्हर त्याला मजकूरच मानतो. त्या उपायाने चोर बाहेर राहतो आणि डि'सोझा आत येतो. पण तो करायला थोडी मेहनत लागते. चिन्हावर बंदी घालायला एक ओळ पुरते.

मंडळी, माझ्या अम्मीची दोन अक्षरे अशाच एका ओळीत अडली होती. तीन अक्षरांपेक्षा लहान आडनाव नसतेच, असे कोणाला तरी वाटले असेल. कोणी काहीबाही टाकून रकाना भरू नये, हा त्याचा हेतू चांगलाच असेल. पण 'बी' लिहिणाऱ्या बाईकडून कोणत्या माहितीच्या कोठाराला धोका होता? पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रॅमरने २०१० साली, नावांविषयी आपल्या व्यवसायबंधूंच्या चुकीच्या समजुतींची एक यादी केली. चाळीस समजुती. प्रत्येकाला आडनाव असते, नाव कधी बदलत नाही, नाव एकाच लिपीत असते, अशा. ती यादी वाचताना मला आमची सगळी गल्ली दिसत होती.

नावाचे तीन तुकडे करायची आपली सवय तर संगणकाच्या आधीची आहे. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तीच जगाची रीत वाटते. तमिळनाडूत अनेकांना आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. आमच्यात कोणाला शेख आधी लागतो, कोणाला खान नंतर, कोणाला काहीच नाही. आयकर खात्याच्या पॅन क्रमांकातले पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. म्हणजे आडनाव आहे, हे क्रमांकाच्या घडणीतच गृहीत धरले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायचा नियम लागू केला. लगेचच पुढे खुलासा झाला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल. पण मधल्या दिवसांत किती घरांत धाकधूक झाली असेल, याची कल्पना करा. याउलट आधारच्या नोंदीत नावाला एकच रकाना आहे. पहिले, मधले, शेवटचे असे तुकडे नाहीत. माझ्या मते हा फार शहाणपणाचा निर्णय होता. तुमचे जे नाव असेल ते पूर्ण लिहा, बस.

आणि आपल्या मराठीचे काय? एक गंमत सांगतो. युनिकोड या जागतिक लिपीसंहितेची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. तिच्यात प्रत्येक चिन्हाची जात ठरवलेली आहे: हे अक्षर, हा अंक, हे विरामचिन्ह. आपले क, व, त ही अक्षरे आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडायचे चिन्ह ही अक्षरांत मोडत नाहीत. त्यांची जात वेगळी, जोडचिन्हांची. आता एखाद्या प्रोग्रॅमरने मोठ्या मनाने ठरवले की नावात जगातल्या कुठल्याही लिपीची अक्षरे चालतील, आणि सर्व्हरला सांगितले की फक्त अक्षरे घे. मग कविता नावाच्या मुलीने आपले नाव देवनागरीत लिहिले. क, व, वेलांटी, त, काना. पाच चिन्हे. त्यांतली तीन पास, दोन नापास. सर्व्हर म्हणणार, नावात अयोग्य चिन्हे आहेत. उभे आयुष्य काना-मात्रा मोजण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून हसावे की रडावे कळेना. दुरुस्ती पुन्हा एका शब्दाची आहे. अक्षरांबरोबर जोडचिन्हेही घे, एवढे सांगितले की झाले. पण ते सांगायला, वेलांटी म्हणजे काय हे ठाऊक असलेला कोणीतरी तिथे बसलेला हवा.

आज ब्राउझर पुष्कळ पुढे गेले आहेत. २०१४ च्या ऑक्टोबरात एचटीएमएलची पाचवी आवृत्ती प्रमाणित झाली. रकाना सक्तीचा आहे का, त्यात ईमेलचा पत्ता हवा की तारीख, हे आता ब्राउझरच बघू शकतो. तरीही त्या मानकातच बजावले आहे की सर्व्हरने इकडच्या तपासणीवर विसंबून राहू नये. तीस वर्षांच्या ठेचांतून आलेला हा सल्ला मला पूर्ण पटतो. अम्मीचा राग म्हणून सर्व्हरची तपासणी काढून टाका, असे मी कधीच म्हणणार नाही. तिच्या खात्याचे पैसे सुरक्षित आहेत, ते त्या तपासणीमुळेच.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या तपासणीत दोन वेगळी कामे एकत्र झाली आहेत, ती सोडवली पाहिजेत. किंमत, शिल्लक, क्रमांक, परवानगी या गोष्टी सर्व्हरच्या वहीत असतात. तिथे त्याने कोणाचे ऐकू नये, वही बघावी आणि कडक राहावे. माणसाचे नाव मात्र त्याच्या वहीत नसते. ते माणसाजवळ असते. तिथे सर्व्हरने मजकूर सुरक्षितपणे घ्यावा, रिकामा नाही ना एवढे बघावे आणि मान्य करावे. आणि नाकारायचेच असेल तर का नाकारले ते सांगावे, भरलेले पुसू नये, आणि ज्याच्याकडे दाद मागता येईल असा एक माणूस कुठेतरी बसवावा. भोके पाडलेल्या कार्डांच्या काळात दुसरी बाई मूळ कागद समोर ठेवून बसत असे. कार्ड आणि कागद यांत फरक पडला तर प्रमाण कागद असे. आमच्या बाबतीत उलटे झाले. कार्ड खरे ठरले आणि कागद खोटा.

वृत्त तपासणारा प्रोग्रॅम आता सहज लिहिता येतो. भाच्याने मला एक करून दिला आहे. माझी ओळ टाकली की लघु-गुरू मोजून सांगतो, आणि चुकत नाही. त्याचा मला उपयोगही होतो. पण ओळ वृत्तात बसली म्हणजे ती खरी झाली, असे तो म्हणत नाही आणि मीही त्याला विचारत नाही.

अम्मीच्या नावाची दुरुस्ती शेवटी झाली. एका दुसऱ्या कार्यालयातल्या बाईंनी तिचे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तिला विचारले, "तुमचे नाव काय?" आणि तिने सांगितले तसे लिहिले. त्यांच्याकडच्या अर्जातही आडनावाचा रकाना होता, पण त्याला तारा नव्हता. बाईंनी तो रिकामा सोडला आणि बटण दाबले. पान गेले आणि परत आले. त्यावर लाल अक्षर एकही नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)